भोसरीला सूत्र, चाकणला उत्तर

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाल्या, "हे नाकाच्या वरचं, कपाळामागचं. इथे हे पांढरं दिसतंय ना, ते असायला नको. गाठ आहे. चांगल्या लिंबाएवढी."

मी आता लोकांना सांगताना नारळ सांगतो. तोही सोललेला नाही, शेंडीसकट. पण त्या दिवशी मी फक्त "बरं" म्हणालो आणि मग विचारलं, "इथलं कॅन्टीन किती वाजता बंद होतं?"

डोक्यात लिंबू निघालेला माणूस असं विचारत नाही. मी तर नाहीच नाही. बोटात कुसळ गेलं तर महिनाभर भाला लागल्याचं सांगत फिरणारी माझी जात. लग्नातल्या पंगतीत मला मधे बसवतात आणि माझ्या बायकोला, विजयाला, शक्य तितकं लांब बसायचं असतं. असा मी, आणि मेंदूत गाठ निघाल्यावर कॅन्टीनची वेळ विचारतो. आजार तोच होता. मला थापा मारता येईनाशा झाल्या होत्या, आणि त्याबद्दल घरापासून कंपनीपर्यंत सगळे माझं कौतुक करत होते.

हे लिहितोय ते तुमच्यासाठी. तुमच्या घरात एखादा बडबड्या माणूस अलीकडे गुणी बाळ झाला असेल, तर पेढे वाटू नका. आधी डॉक्टरकडे न्या.

थोडं मागून सांगतो. चाकणला ब्रेकचे पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. आडनाव गायधनी, राहायला भोसरीत. कंपनीची बस दापोडीहून सुटते. तिथे आमच्या स्टोअर्सचे शेख चढतात आणि शेजारच्या सीटवर डबा ठेवून माझी जागा धरतात. शेख म्हणजे लोखंडी पट्टीसारखा माणूस. सरळ, कोरडा आणि जिथे लावाल तिथे बरोबर माप सांगणारा. खोटं म्हणून कधी बोलला नाही. बायकोनं नवी साडी कशी दिसते विचारलं तर हा "रंग उठून नाही दिसत" म्हणून रात्रीचं जेवण गमावतो. अशा माणसाची आणि माझी जोडी जमली ती गूढ शब्दकोड्यामुळे.

साधं शब्दकोडं वेगळं. तिथे "तळ्यातलं फूल" विचारलं की कमळ लिहून मोकळं व्हायचं. गूढ कोड्यातलं सूत्र म्हणजे सभ्य वाक्याचा वेष घालून आलेला खिसेकापू. वाचताना डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते साफ खोटं. खरं एवढंच की सूत्राच्या एका टोकाला, सुरुवातीला नाहीतर शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ दडवलेला असतो. उरलेल्या शब्दांत त्याच उत्तराची अक्षरं जुळवायची कृती असते. दोन्ही वाटांनी चालत गेलात आणि एकाच दारात पोचलात, की उत्तर पक्कं.

उदाहरण देतो. "मगर ढवळली की चहा असा लागतो. तीन अक्षरं." हे ऐकून ज्याला पातेल्यात शेपटी आपटणारी मगर दिसली, तो संपला. मगर हा इथे प्राणी नाहीच. म, ग, र ही नुसती अक्षरं आहेत. ढवळली म्हणजे त्यांच्या जागा बदला. गरम. चहा लागतो तसा.

दुसरं घ्या. "नदी उलटी वाहिली की गरीब. दोन अक्षरं." नदी हा शब्द उलटा वाचा. दीन. शेखनी घातलेलं हे सूत्र मला मोशीच्या पुलावर सुटलं, आणि खाली इंद्रायणी सांडपाण्याच्या फेसाचं पांघरूण घेऊन पडली होती. सुलट वाहत असूनही दीन. त्या दिवशी मी उत्तर दिलं, पण हसलो नाही.

थापाड्याला याहून चांगली जागा जगात नाही, राव. खोटं बोलायची पूर्ण मुभा. अट एकच, एकूण एक अक्षराचा जाब देता आला पाहिजे. मला त्यातलं खोटं आवडायचं, शेखना जाब. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत येणारं गूढ कोडं एक दिवस गुपचूप बंद झालं. कोण रडणार त्याच्यासाठी? आम्ही दोघं रडलो आणि मग स्वतःच सूत्रं बनवायला लागलो. आमचा कायदा होता: भोसरीला सूत्र, चाकणला उत्तर. बस गेटावर थांबेपर्यंत उत्तर आलं नाही तर हरणाऱ्यानं चहा पाजायचा. चाकणच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकची साऱ्या जगाला चीड. आम्हाला तेवढीच सवड मिळायची. तळेगाव चौकात कंटेनर आडवा झाला की आम्ही दोघं तेवढे खूश.

पहिलं लक्षण त्याच मोशीच्या पुलावर दिसलं. पूल आला की अख्खी बस नाकाला रुमाल लावते. झोपलेला माणूससुद्धा झोपेतच रुमाल शोधतो. मी मजेत बाहेर बघत होतो.

"तुम्हाला वास येत नाही?" शेखनी रुमालाआडून विचारलं.

"मी श्वासावर ताबा मिळवलाय," मी म्हणालो. "हिमालयातून आलेल्या एका साधूनं भोसरीच्या एमआयडीसीत शिकवलं. तो तिथे वेल्डिंग करतो."

तेव्हा थाप मारता येत होती अजून. पण वास खरंच गेला होता. कोविडनंतर कितीजणांचे वास गेले होते, त्यामुळे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला. तो फवारा मी इतका मारला की त्यात एखादी द्राक्षबाग निघाली असती. वास आला नाही. मी काही तक्रार केली नाही. आमच्या भागात वास न येणं ही सवलत आहे.

इथे विनोद थांबवून एक सरळ गोष्ट सांगतो. वास गेला आणि बरेच दिवस परत आला नाही, तर तेवढ्यावर सोडू नका. वासाच्या नसा नाकाच्या छतावरून मेंदूकडे जातात. माझी गाठ बरोब्बर त्यांच्यावर बसली होती. डॉक्टरांच्या भाषेत 'ऑल्फॅक्टरी ग्रूव्ह मेनिन्जिओमा'. मेंदूभोवती पातळ आवरण असतं, त्यातून ही गाठ उगवते आणि सावकाश वाढते. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. 'बहुतेक वेळा' हे डॉक्टरांचं लाडकं पालुपद, त्याच्या आधारावर रुग्णाचे नातेवाईक रात्री झोपतात.

गाठीनं वासानंतर कपाळामागचा भाग दाबायला घेतला. त्याला 'फ्रंटल लोब' म्हणतात. डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत, "माणसाचा स्वभाव, पुढाकार, विनोद, आडवळणाचं बोलणं कळणं, हे सगळं या भागाचं काम." म्हणजे माझी सगळी इस्टेट तिथेच होती.

मी शांत झालो. सांगितलं की उठायचो, सांगितलं की बसायचो. पाहुण्यांनी विचारलं "काय विशेष?" तर "काही नाही" म्हणायचो. पूर्वी याच प्रश्नावर दोन तास जायचे आणि शेवटी पाहुण्यांना पाण्याचा टँकर घरात शिरल्याची खात्री पटलेली असायची. आता मी टीव्हीपुढे बसायचो, टीव्ही बंद असला तरी.

विजयाला स्वर्ग दोन बोटं उरला. फोनवर बहिणीला सांगताना मी ऐकलंय, "अगं, सुधारले गं. देवानं ऐकलं माझं." सासरच्या एका लग्नात मेहुण्यानं मला मुद्दाम विचारलं, "भावोजी, यंदा बिबट्या दिसला की नाही?" मी म्हणालो, "नाही दिसला." सगळी पंगत माझ्याकडे बघत राहिली. मग एका आत्याबाईंनी विजयाचा हात दाबला. अभिनंदन म्हणून.

कंपनीत तर कहर झाला. माझे रिजेक्शनचे रिपोर्ट आमच्या मॅनेजरला पूर्वी पचायचे नाहीत. पाइपला भेग गेली असेल तर मी "भूकंप झाल्यासारखी" असं लिहायचो. आता "भेग आहे" एवढंच लिहायला लागलो. त्या वर्षी मला 'शिस्तप्रिय कर्मचारी' म्हणून सगळ्यांपुढे एक प्लॅस्टिकचं घड्याळ मिळालं. टाळ्या पडल्या. एका गाठीला कामगिरीबद्दल बक्षीस देणारी आमची पहिलीच कंपनी असेल. घड्याळ अजून भिंतीवर आहे. विजया काढू देत नाही, वेळ बरोबर दाखवतं म्हणते.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या शेखनी.

पहिल्यांदा त्यांना वाटलं मी रुसलोय. कारण भोसरीला सूत्र घातलं की मी चाकणपर्यंत गप्प बसायचो आणि गेटावर निमूट चहा पाजायचो. वाद नाही, हुज्जत नाही, "तुमचं सूत्र लंगडं आहे" असा कांगावा नाही. सलग चहा मिळायला लागल्यावर हा माणूस खूश व्हायचा सोडून काळजीत पडला. आणि मग एका सकाळी त्यांनी अगदी पोराटोरांचं, अक्षरं उघडी पडलेलं सूत्र घातलं.

"नाक मळकट, तरी आत तळ्यातलं फूल. तीन अक्षरं."

तुम्हीसुद्धा काढाल. 'नाक मळकट' हे दोन शब्द सलग वाचा. ना, क, म, ळ, क, ट. पोटात कमळ बसलंय. 'आत' या शब्दानं तर बोट धरून दाखवलंय.

मी नीट विचार केला. मोशी गेली, चिंबळी फाटा गेला. मग मी म्हणालो, "नाक मळलं असेल तर धुवावं. आत फूल कसं जाईल? श्वास अडकेल."

शेख हसले. मी हसलो नाही. तेव्हा त्यांचं हसू ओठावरच राहिलं, ते त्यांना आत घेता येईना.

"गायधनी, मजाक करताय ना?"

"नाही. फूल नाकात घालू नये."

नंतर त्यांनी मला सांगितलं, "त्या दिवशी मला वाटलं, सीटवर डबा ठेवून मी दुसऱ्याच कुणासाठी जागा धरलीय."

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. मी सोफ्यावर बसलो होतो. माझ्यासमोरच बोलणं झालं, कारण मी समोर असणं आणि नसणं तोवर सारखंच झालं होतं.

"वहिनी, राग मानू नका, पण गायधनी बरा नाही."

"का हो शेखभाऊ? खातात, झोपतात, कामावर जातात."

"थापा मारत नाही तो."

विजया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "संसारात पहिल्यांदा माझा नवरा खरं बोलायला लागलाय, आणि तुम्ही म्हणता त्याला दवाखान्यात ने? आधी तुम्हीच त्यांना त्या कोड्यांचा नाद लावलात. सुटला म्हणून पोटात दुखतंय का?"

"वहिनी, त्यानं कमळ नाही ओळखलं."

"मग? मी गेल्या हळदीकुंकवाला जाऊबाईंना नाही ओळखलं. मला पण नेता का?"

शेख चहा न पिता गेले. विजयानं दार लावलं आणि मला म्हणाली, "माणसं बघवत नाहीत कुणाचं बरं झालेलं." मी म्हणालो, "हो."

पुढे सकाळी उठल्यावर डोकं दुखायला लागलं. खाली वाकलं की डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. मी कुणाला बोललो नाही, कारण कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची माझी सवय गेली होती. बसमध्ये मी वर्तमानपत्र नाकाला लावून धरतो, हे शेखनी हेरलं.

आणि मग जन्मात खोटं न बोललेल्या या माणसानं पहिली थाप मारली. विजयाला फोन करून सांगितलं, "कंपनीची सक्तीची डोळे तपासणी आहे, गायधनीला घेऊन जातोय." मॅनेजरला सांगितलं, "त्याच्या मेहुण्याचा अपघात झालाय, मला सोबत जावं लागेल." मला सांगितलं, "चला." मी निघालो. मला एवढं पुरायचं. मेहुण्याला ही गोष्ट कळली तेव्हा तो शेखवर चिडला. धडधाकट माणसाला अपघातात घातलं म्हणून. माझ्यावर नाही चिडला, मी तर त्याला पूर्वी दोनदा वारलेला दाखवलाय.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि यंत्रातून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खुर्ची मागे ढकलून शेखना म्हणाले, "चष्म्याचा प्रश्न नाही. डोळ्यांच्या नसेला सूज आहे. आत डोक्यात दाब वाढलेला दिसतोय. आजच्या आज एमआरआय करा." त्याला 'पॅपिलेडिमा' म्हणतात. डोळा हे मेंदूच्या खिडकीचं दार. आत कुणी दाटीवाटी केली की ते फुगतं.

एमआरआय म्हणजे माणसाला नळीत घालून बाहेरून पत्र्याच्या शेडवर हातोडे मारतात. लोक घाबरतात, ओरडतात. मी आमच्या शॉप फ्लोअरवर, यंत्रांच्या खडखडाटात पडल्यासारखा निवांत पडलो होतो. विजया तोपर्यंत धावत आली होती. बाहेर बाकावर ती शेखशेजारी बसली, पण मधे पर्स ठेवून.

मग त्या डॉक्टरीणबाई, मेंदूच्या सर्जन. लिंबू दाखवण्याआधी त्यांनी मला काही सोप्या गोष्टी विचारल्या. वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा. ते सगळं जमलं. मग म्हणाल्या, "एक म्हण सांगते, अर्थ सांगा. नाचता येईना, अंगण वाकडं."

मी म्हणालो, "लेव्हल लावून बघावं. वाकडं असेल तर कोबा करून घ्यावा."

विजया फिसकन हसली.

"घरोघरी मातीच्या चुली?"

"आमच्याकडे गॅस आहे."

विजया परत हसली, आणि मग तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर लिहीत होत्या. हसत नव्हत्या. विजयाचं हसू हळूहळू उतरलं. तिनं इथेही मधे ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. शेखना म्हणाली, "कमळ म्हणालात ना तुम्ही तेव्हा?"

डॉक्टरांनी समजावलं. शब्दांच्या मागचा अर्थ धरता येत नाही, माणूस फक्त वरचं वाचतो, हे कपाळामागच्या भागाचं लक्षण. म्हणी विचारून तेच तपासतात. "आणखी थांबला असतात तर नजर गेली असती," त्या म्हणाल्या. "हे आधी कुणाच्या लक्षात आलं?"

"बसमध्ये," शेख म्हणाले.

आता जे लिहितो ते लिहू का नको, असं करत होतो. लिहितो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात कॉटवर होतो. विजयानं डॉक्टरांना विचारलं, "ऑपरेशननंतर हे पुन्हा पहिल्यासारखे होतील?"

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका. बरीच शक्यता आहे. अगदी पहिल्यासारखे."

विजयानं माझी चादर सारखी केली. तिचा प्रश्न दिलासा मागणारा होता की नाही, हे डॉक्टरांना कळायचं कारण नव्हतं. मी मात्र तिच्याबरोबर उभा संसार केलेला. आणि मला तेव्हा काहीच वाटलं नाही. पंखा बघत होतो. माझ्या आजाराची हीच थोरवी, की तो टोचायची जागाच काढून घेतो. तो प्रश्न टोचला तो दोन महिन्यांनी, डोकं ताळ्यावर आल्यावर. भाजी निवडता निवडता एकदम आठवला आणि हातातली गवार खाली पडली. बरं होणं म्हणजे काय, तर राहून गेलेलं सगळं वाईट वाटून घेणं. हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून देत नाहीत.

ऑपरेशनला 'क्रेनिऑटॉमी' म्हणतात. कपाळाच्या वरून कातडी उघडतात, हाडाचा तुकडा डब्याच्या झाकणासारखा काढतात, गाठ काढतात, झाकण परत बसवतात. माझ्या झाकणाला बारीक प्लेटा आणि स्क्रू आहेत. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, किती दिला, हे मी क्वालिटीचा माणूस म्हणून नंतर विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "हाताला कळतो."

गाठ सगळी निघाली. तिचा तुकडा तपासायला गेला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कुणावर येऊ नयेत. रिपोर्ट आला, 'ग्रेड वन'. म्हणजे साधी, कॅन्सरची नाही. विजया रडली. शेख दवाखान्याच्या जिन्यात जाऊन उभे राहिले.

पण मी परतलो नव्हतो. डोळे सुजून बंद, तोंड भोपळ्यासारखं. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड, फिट येऊ नये म्हणून गोळ्या. शेख रोज ड्यूटी सुटली की यायचे आणि एकच सूत्र घालायचे, "गोष्ट आणि मी मिळून पेपरात. तीन अक्षरं." मी त्यांच्याकडे बघत राहायचो. ते म्हणायचे, "घाई नाही. चाकण लांब आहे."

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की दाबलेला मेंदू स्प्रिंगसारखा उसळत नाही, उशीसारखा सावकाश वर येतो. तुमच्या माणसाच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. आठव्या दिवशी तो हसला नाही म्हणून धीर सोडू नका.

टाके काढायला आलेल्या सिस्टरनं डोक्यावरची ती कानापासून कानापर्यंतची शिवण बघून विचारलं, "काका, केवढं मोठं हो! कसलं ऑपरेशन?"

"बिबट्या," मी म्हणालो. "चऱ्होलीत त्याची जागा बिल्डरनं घेतली. त्याला माझा चेहरा बिल्डरसारखा वाटला."

सिस्टरच्या हातातला चिमटा थांबला. शेजारी शेख बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी म्हणालो, "आणि शेखसाहेब, तुमचं ते सूत्र लंगडं आहे. गोष्ट म्हणजे बात, पुढे मी. बातमी. पेपरात येते हे शेंबड्या पोराला कळेल. एवढ्यासाठी रोज दापोडीहून येत होता?"

मागे विजया डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "सुरू झालं." तिच्या आवाजात आनंद होता का? मी तेव्हापासून शोधतोय.

कामावर गेलो. मॅनेजरनं हार घातला, पेढे दिले. मग माझा पहिला रिपोर्ट वाचला, त्यात एका पाइपची भेग "नणंद-भावजयीच्या मनासारखी" असं होतं, आणि हळूच म्हणाला, "गायधनी, मधले सहा महिने फार छान गेले हो तुमचे." मनापासून म्हणाला. म्हणूनच लागलं. लोक आजारी माणसाला म्हणतात लवकर बरे व्हा. त्यांना नेमका कुठला माणूस परत हवा असतो, हे कधी विचारू नका.

वास परत आला नाही, येणारही नाही. दूध लागलं तर कळत नाही, गॅस सुटला तर कळत नाही. मोशीच्या पुलावर अख्खी बस रुमाल लावते आणि मी नदीकडे बघतो. आजारपणानं दिलेली सवलत तेवढी कायम राहिली.

वर्षातून एकदा एमआरआय असतो. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी विजयाला बजावलं होतं, "गाठ परत येण्याची शक्यता थोडी असते. यांना स्वतःला कळणार नाही. तुम्ही लक्ष ठेवा. एकदम शांत झाले, बोलणं सरळसोट झालं, की थांबू नका." म्हणजे बघा, माझ्या थापांनी पिचलेल्या बाईला डॉक्टरांनी कामाला लावलं: नवरा रोज नीट खोटं बोलतो की नाही, ते तपास. आमच्याकडे तीच तपासणी सगळ्यात स्वस्त.

परवाची गोष्ट. बस चिंबळीला अडकली, पाय सुजले, घरी येऊन मी खुर्चीत पडलो. विजयानं चहा ठेवता ठेवता विचारलं, "काय झालं आज?"

"काही नाही," मी म्हणालो. दमलो होतो, इतकंच.

ओट्यावर काहीतरी आपटलं. ती हातातलं गाळणं तसंच धरून बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली, चेहरा पांढराफटक. घसा साफ करून, परीक्षेला बसल्यासारखी म्हणाली, "मगर... मगर ढवळली की चहा असा लागतो. तीन अक्षरं."

ज्या नादाला तिनं उभा जन्म बोल लावला, त्यातलं हे पाठ करून ठेवलं होतं. शेखकडून मागून घेतलं असणार. कधी, ते दोघंही सांगत नाहीत.

उत्तर तोंडात तयार होतं. पण मला पंखा आठवला, तो प्रश्न आठवला, भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. मी चेहरा अगदी सपाट केला आणि म्हणालो, "चहात मगर कशी मावेल? पातेलं लहान आहे."

गाळण्यातून चहाची पत्ती फरशीवर पडली. तिचा हात मोबाइलकडे गेला, आणि नंबर काही केल्या लागेना. ती पुटपुटत होती, "शेखभाऊ, शेखभाऊ उचला." डोळ्यांतून पाणी सरळ हनुवटीपर्यंत आलेलं, पुसायचं भान नव्हतं.

मग मी म्हणालो, "गरम."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ते गाळणं, ओलं, पत्तीसकट, माझ्या शिवणीवर नेम धरून मारलं. दोन दिवस बोलली नाही. वाढायची, पण ताट आपटून.

त्या दोन दिवसांइतकं बरं मला दवाखान्यातून सुटल्यापासून एकदाही वाटलं नव्हतं.